जांभळ्या दोऱ्याची पुडी

"जांभळा हौशीचा, हिरवा मैनेचा, लाल सुंदरीचा, पिवळा चिमणीचा."

गवारे मॅडम पुड्यांना दोरे बांधत एकेक रंग मोठ्यानं म्हणत होत्या आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्याच्या दारात उकिडव्या बसून त्यांच्यामागून तेच म्हणत होत्या. आत्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून मॅडमनी पुड्यांवर नंबर न घालता रंगीत दोरे आणले होते. ज्या रंगाचा दोरा, त्याच रंगाची म्होरकी त्या गाईच्या तोंडावर चढवली होती.

"आणि पुडीत नक्की काय असतं?" मी विचारलं. रेवा माझ्या कडेवर होती, चौदा महिन्यांची.

"दोघींच्या पुडीत समुद्री शेवाळाचं चूर्ण. दोघींच्या पुडीत नुसता कोंडा."

"कुठल्या दोघींच्या?"

"ते मलाही माहीत नाही. यादी आमच्या संस्थेत बंद पाकिटात आहे. मला कळलं तर मी नकळत मला हवं तसं मोजेन, म्हणून."

मला ते पटलं नाही. स्वतः पुड्या घेऊन आलेली बाई सांगते, आत काय आहे ते मला माहीत नाही. दोरे बांधताना हातात रबरी मोजे मात्र घातलेले.

मॅडम माझ्याच वयाच्या होत्या, सव्वीस-सत्तावीसच्या. गुरांच्या ढेकरांवर पीएच.डी. करत होत्या. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो, तो हवेत राहून उष्णता धरून ठेवतो, शेवाळाच्या चूर्णानं तो कमी होतो का ते बघायचं, असं त्यांनी आत्यांना समजावलं. मोजण्यासाठी दर पंधरवड्याला पाच दिवस गाईंच्या गळ्यात पांढरा डबा बांधायचा आणि त्यातली बारीक नळी नाकपुडीपाशी आणून ठेवायची. असं नव्वद दिवस.

"ढेकरा मोजायला शिकलीस व्हय एवढी?" आत्या म्हणाल्या. "आमचं मालक असायला पायजे हुतं. त्यांच्या गळ्यात बांधला असता तर डबा फुटला असता."

मॅडम खूप हसल्या. मग मी चहा आणला तेव्हा म्हणाल्या, "मला बिनदुधाचा चालेल. नसेल तर राहू दे."

हे मी मनात नोंदवून ठेवलं.

माझ्या संशयी स्वभावाला कारण होतं. रेवा सात महिन्यांची असताना तिला जुलाब लागले आणि विट्याच्या दवाखान्यात सहा दिवस काढावे लागले. हाताची शीर सापडेना म्हणून पायाला सलाइन लावलं होतं. तेव्हापासून मी एक वही घातली होती. तिनं काय खाल्लं, किती वाजता, शी कशी झाली, वजन किती. विश्वजित, माझे मिस्टर, म्हणायचे, "तू बीएस्सी केलंस तिथंच आमचं चुकलं." संशोधनाच्या कागदावर सही त्यांनीच केली होती, न वाचता. मी वाचला. नवव्या कलमात होतं: जनावरात काहीही वेगळे आढळल्यास त्वरित कळवावे. काहीही वेगळे म्हणजे काय, ते कुठंच नव्हतं. दुधात चूर्ण उतरत नाही, तपासलंय, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तरी दुधाचे नमुने न्यायच्याच की त्या.

हौशी आमची घरच्या दुधाची गाय. बाकीच्या गाई विश्वजित मशीननं पिळायचे, पण हौशीची धार आत्या हातानं काढायच्या. त्यातलं लिटरभर घरात यायचं आणि उरलेलं डेअरीच्या कॅनात जायचं. त्या लिटरभरातूनच रेवाचं दूध निघायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना मला त्याचा रंग वेगळा वाटला. थोडा पिवळट. साय जाड आणि वास निराळा. चौथ्या दिवशीही तसंच. मी पातेलं उजेडात नेऊन पाहिलं.

"आत्या, दूध पिवळं दिसतंय का?"

"थंडीत येतं तसं," त्या चुलीकडं बघत म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं: दूध पिवळट. दिवस तिसरा, चौथा. गेल्या थंडीत असं आलं नव्हतं.

सातव्या दिवशी मी पुड्या फोडून वास घेतला. हौशीच्या, जांभळ्या दोऱ्याच्या पुडीला समुद्राचा वास आला. मी समुद्र एकदाच पाहिला होता, लग्नानंतर गणपतीपुळ्याला, पण वास ओळखला. मैनेच्या हिरव्या पुडीला काही वास नव्हता. निदान मला तसं वाटलं.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली. पहाटे साडेपाचला मी प्रत्येक गाईच्या घमेल्यात पेंड-भुसा भिजवून आंबोण तयार करायची आणि त्यात तिची तिची पुडी टाकायची. घमेली उचलून गाईंपुढं ठेवायच्या त्या आत्या. तोवर रेवा जागी झालेली असायची, म्हणून मी आत यायची. आठव्या दिवशी मी जांभळी पुडी मैनेच्या घमेल्यात टाकली आणि हिरवी हौशीच्या.

मला वाईट वाटलं नाही, असं नाही. मैना आत्यांची लाडकी. तिच्या आईला आत्यांच्या भावानं दिलं होतं. पण मैनेचं दूध कॅनात जात होतं आणि हौशीचं माझ्या लेकीच्या पोटात. एवढाच हिशेब होता माझ्या डोक्यात.

तरीही दूध पिवळंच राहिलं.

दहा दिवस झाले, पंधरा झाले. मग चूर्ण अंगात मुरलंय, असं मी धरून चालले. गवारे मॅडम डबे बांधायला आल्या तेव्हा मी त्यांना गाठलं.

"मॅडम, हौशीचं दूध पिवळं येतंय."

त्यांनी त्याच वेळी हौशीच्या धारेचा नमुना बाटलीत घेतला, वर धरला. "मला तर पांढरं दिसतंय, तृप्तीताई."

"तापवल्यावर दिसतं."

"तापवल्यावर सगळंच थोडं दिसतं." त्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. त्या दिवशी त्या बराच वेळ एकट्याच हौशीच्या तोंडापाशी बसल्या होत्या, नळीत अडकलेली लाळ काढत, आणि तिच्याशी काहीतरी बोलत होत्या. माझी चाहूल लागताच गप्प झाल्या.

आणि मग आत्या.

एका पहाटे आंबोण कालवून मी आत चालले होते. रेवा झोपलेलीच होती, म्हणून मागच्या दारात थांबले. आत्या परड्यातून कुंपणाकडं चालल्या होत्या. पदराखाली काहीतरी धरलेलं. पदर वाऱ्यानं हलला तेव्हा दिसलं, झाकणाचा पितळी डबा.

कुंपणापलीकडं इंदूकाकींचं घर. आत्यांच्या सख्ख्या धाकट्या जाऊबाई. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींचं वाजलं होतं आणि आठ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझ्या लग्नात इंदूकाकी अक्षता टाकायला मांडवात आल्या नाहीत, स्वतःच्या अंगणात उभ्या राहून वाजंत्री ऐकत होत्या. त्यांचं नावही आमच्या घरात निघत नसे. 'पलीकडची' म्हणायचे.

आत्या कुंपणापाशी थांबल्या. पलीकडून एक हात आला, बांगड्यांचा. डबा घेतला, थोड्या वेळानं परत दिला. एक अक्षर नाही. आत्या पदर सारखा करून माघारी फिरल्या, तशी मी आत पळाले.

वहीत मी लिहिलं: पहाट, पावणेसहा. डबा. झाकण लावलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आत्यांना काहीतरी ठाऊक आहे, असं माझ्या मनानं घेतलं. चांगलं दूध कुंपणापलीकडं चाललंय आणि पिवळं आमच्या पातेल्यात येतंय. का, ते मला जुळवता येईना. पण जुळत नाही म्हणून संशय थोडाच कमी होतो, उलट तो वाढत जातो. मी विश्वजितना सांगितलं.

"आई पलीकडच्या काकीला दूध देती?" ते पोट धरून हसले. "आई तिला पाणी देणार नाही. विहीर आठव."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुझे डोळे आता शेणाच्या पोवातही काहीतरी बघतात. डेअरीवर मला लोक विचारतात, तुमच्या गाई आयसीयूत आहेत का? घरी आलो की तू. जरा दम खा."

मी दम खाल्ला. त्रेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्या दिवशी रेवाला दोनदा पातळ शी झाली.

"दात येत असतील," आत्या म्हणाल्या. रेवाच्या हिरड्यांवर त्यांनी बोट फिरवलं. "हे बघ, टोचतंय."

मी बघितलं नाही. रात्रभर तिचं कपाळ चाचपत राहिले.

चव्वेचाळिसाव्या दिवशी गवारे मॅडम मोजणीला आल्या. हौशीची धार चालू होती. मॅडमनी नमुन्याची बाटली भरून दगडी गव्हाणीच्या काठावर ठेवली. मी घरातून रेवाचा पेला भरून आणला आणि त्या बाटलीशेजारी आपटलाच म्हणा.

"आता बघा. माझी मुलगी कालपासून आजारी आहे. आता तरी सांगा पुडीत काय आहे."

"तृप्तीताई, खरंच मला..."

"तुम्हाला माहीत नाही. माहीत नाही तर आमच्याकडचा दुधाचा चहा का घेत नाही तुम्ही? एकदाही घेतला नाही."

"मला दूध पचत नाही. लहानपणापासून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या आईला विचारा हवं तर."

मग त्यांचं लक्ष पेल्याकडं गेलं. त्यांनी तो उचलला, हुंगला, बाटलीला लावून धरला. बाटलीतलं दूध पांढरंशुभ्र होतं, अजून फेसाळलेलं. पेल्यातलं पिवळसर.

"हे कुठलं दूध?"

"हौशीचं. दुसरं कुठलं असणार?"

"नाही. हौशीचं मी आत्ता तुमच्यासमोर घेतलंय. हे देशी गाईचं वाटतंय, तुमच्या तर चौघीही संकरित."

आत्यांनी चरवी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले.

"खिलारीचं हाय," त्या म्हणाल्या. "इंदूच्या."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं.

"पुड्या आल्या त्या दिवशी हिचं तोंड बघितलं मी. पोरगी कडंवर घट्ट धरून हुबी. मला बी धाकधूक हुतीच. दुसऱ्या दिवशी पहाटं डबा घेतला आन् कुपाटीला जाऊन हुबी राहिले. इंदू शेण काढत हुती. मी म्हटलं, नातीला पायजे. तिनं काय इचारलं न्हाई. भरून दिला."

"म्हणजे आजी, तुमचाही माझ्यावर विश्वास नव्हता," मॅडम म्हणाल्या.

"तुझ्यावर हुता. पुडीवर न्हवता."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "दीड महिना मी रंग बघत बसले. जीव जायची वेळ आली माझी."

"सांगितलं असतं तर तू इंदूच्या दुधाचा बी वास घेत बसली असतीस. तिची गाय काय खाती त्याची दुसरी वही घातली असतीस. आन् एकदा का तू कुपाटीवरनं इंदूला इचारायला गेलीस, का तिनं दूध बंद केलं असतं. मानी हाय ती. माझ्यासारखीच."

मॅडम गाईंच्या गळ्यातले डबे तपासायला वळल्या, त्यांनी वहीत तारीख टाकली, आणि मला दिसलं की त्या वहीचा अर्ध्याहून जास्त भाग भरलाय. बारीक अक्षरात, रंगीत पेनांनी. जांभळं पान, हिरवं पान. मीही वही घालणारीच होते. चुकीच्या वहीची किंमत मला कळत होती.

"मॅडम, लिहू नका," मी म्हणाले. "मी पुड्या बदलत होते. जांभळी मैनेला, हिरवी हौशीला."

त्यांचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"आठव्या दिवसापासून."

त्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत होत्या आणि मोजणं पुन्हा पुन्हा चुकत होतं. "छत्तीस दिवस," शेवटी म्हणाल्या. "मग दोन्ही गाई वगळाव्या लागतील. चारच आहेत तुमच्याकडं. हा गोठाच वगळावा लागेल. आणि गाईड सर म्हणणार, बाकीच्या गोठ्यांचं कशावरून खरं."

"काय वगळायला नको," आत्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडं पाहिलं.

"न्हाणीच्या खिडकीतनं दिसतं मला सगळं. पयल्या दिवशी वाटलं, झोपंत चुकली. दुसऱ्या दिवशी बघते तर बया इकडं तिकडं बघून पुडी टाकतीया. मग ज्या घमेल्यात जांभळी पडली ते मी हौशीपुढं ठेवलं, हिरवी पडली ते मैनेपुढं. रोज. त्याला काय अक्षर लागत न्हाई."

"पण का?" मी विचारलं.

"दोरं माझ्यासाठी बांधलं हुतं तिनं. तिच्या तोंडावर मी चारी रंग म्हणून दावलं. शब्दच की त्यो." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् माझ्या मैनेला भलतं काय घालू देईन व्हय तुला."

मॅडम उठून त्यांच्यापाशी गेल्या. "आजी, नक्की? एकही दिवस चुकला नाही?"

"एक दिवस. कडेगावला लग्नाला गेले हुते. त्या दिवशी हिनंच घमेली ठेवली असणार."

ती तारीख मॅडमनी लिहून घेतली, तिच्याभोवती चौकोन केला, खाली माझं नाव घातलं. पेन आता स्थिर होतं. सामान आवरताना मात्र त्या मध्येच थांबल्या.

"एक विचारू? रेवासाठीचं हौशीचं ते लिटर. ते मग कुठं जात होतं?"

"कॅनात," आत्या म्हणाल्या. "अजून कुठं?"

मॅडमनी मान हलवली. "दूध चांगलं आहे, माझ्याकडं सगळे रिपोर्ट आहेत. त्याबद्दल नाही म्हणत मी. पण तुम्हाला दोघींनाही ते वाईट वाटत होतं. आणि तरीही..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बॅग खांद्याला लावली. "पुढं चालू ठेवायचं का थांबवायचं, ते तुम्ही ठरवा. थांबवलंत तरी माझी तक्रार नाही."

त्यांची स्कूटी गेल्यावरही कॅन तिथंच होता, झाकण उघडं. मी आत पाहिलं. तो कॅन रोज सकाळी डेअरीला जायचा, तिथून टँकर, तिथून पुढं कुठं ते मला ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी गावात कुणी तरी बाई कडेवर मूल घेऊन ते तापवत असणार. तिच्याकडं वही असेल किंवा नसेल. छत्तीस दिवस मी मैनेच्या दुधात काय उतरेल याचा विचार केला नव्हता, कारण ते आमच्या पातेल्यात येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जांभळी पुडी हौशीच्या घमेल्यात टाकली, हिरवी मैनेच्या. आत्या खिडकीत उभ्या होत्या, उघड उघड. धार झाली तशी मी चरवीतून पेलाभर दूध घेतलं आणि तिथंच उभी राहून प्याले. दीड महिन्यात मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

वहीत रेवाच्या पानावर मी माझं नाव लिहिलं. काय प्याले, किती वाजता, पोट कसं आहे. पाच दिवस. विश्वजितनी वही बघितली आणि पहिल्यांदाच काही थट्टा न करता स्वतःचा पेला पुढं केला. मी त्यांच्याही नावाची ओळ आखली. रेवाचा दात चौथ्या दिवशी वर आला. सहाव्या दिवशी मी तिचा पेला हौशीच्या दुधानं भरला.

उन्हाळ्यात मॅडमचं पत्र आलं, रंगीत पेनांनी लिहिलेलं. संस्थेतलं ते बंद पाकीट उघडलं होतं. ज्यांना चूर्ण होतं त्या गाईंचा वायू बराच घटला होता आणि आमचा गोठा त्यांनी धरला होता, एक तारीख सोडून. खाली रंगांची यादी होती. हिरवा: चूर्ण. जांभळा: कोंडा.

मी यादी दोनदा वाचली. ज्या पुडीला मला समुद्राचा वास आला होता, तिच्यात आमच्याच पेंडीसारखा कोंडा होता. आणि आत्यांनी घमेली फिरवली नसती, तर हौशीला मी माझ्या हातानं चूर्ण चारलं असतं. मी आत्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे मैनेला खरं मिळालं," त्या समाधानानं म्हणाल्या. "माझ्या भावाकडची हाय ती."

याला आता बारा वर्षं झाली. हौशी नाही, मैना नाही, इंदूकाकींची खिलारही नाही. रेवा सातवीच्या पुढं गेली, दूध बघितलं की नाक मुरडते. पण त्या वर्षी, रेवा पुन्हा हौशीच्या दुधावर आल्यानंतरही, मी पहाटे मागच्या दारात उभी राहिले की आत्या परड्यातून कुंपणाकडं चाललेल्या दिसायच्या. पदराखाली तोच पितळी डबा. पूर्वी त्या लगेच माघारी यायच्या, आता उजाडेपर्यंत तिथंच असायच्या आणि दोन बायकांचे हळू आवाज ऐकू यायचे.

एकदा त्या आल्यावर मी डबा घासायला घेतला. तो कोरडा होता. झाकण तेवढं घट्ट लावलेलं.